पाण्याबरोबर टंचाईही वाटून घेणारी फड पद्धत

आवर्तन सुटलं की चारीवर भांडणं, हे आता दरसालचंच झालंय. बातम्या करून करून मीही कंटाळलो. म्हणून आज बातमी नाही, आपल्याच भागाचा थोडा इतिहास.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर आपल्या धुळे-नाशिकच्या शेतकऱ्यांनी काही शतकांपूर्वी बंधारे घातले आणि पाटाने शेतं भिजवली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार फड पाडायचे. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. ऊस कुठे, गहू-हरभरा कुठे, हे शेतकऱ्यांनी बसून ठरवायचं आणि पुढच्या साली फेरपालट करायची. पाणी द्यायला पाटकरी, पीक राखायला जागल्या. त्यांचा मोबदला बहुधा धान्यात.

खरी गोम पुढेच आहे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी असायची. पाणी कमी असलं की एखादा फड पडीक ठेवायचा. मग झळ मोठ्यालाही बसायची अन् लहानालाही.

पुढे वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या. ज्याचं पाणी त्याच्या विहिरीत, मग एकत्र बसायचं कशाला? २००५ मध्ये सरकारने पाणीवापर संस्थांसाठी कायदा केला. फडवाल्यांकडे असा कायदा नव्हता, पण त्यांची बैठक व्हायची.

तुमच्या संस्थेची शेवटची बैठक कधी झाली? सांगा बरं.