नीरेचे वरचे टोक

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत नाव घ्यावे असा धबधबा नाही. वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. माळ, मुरूम, बाभळी आणि मध्येच हिरवागार ऊस, असा हा प्रदेश. पण हा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे ते पाणी धबधब्यांचेच आहे. बारामतीपासून सरळ रेषेत पश्चिमेला शंभर किलोमीटरवर वरंधा घाटाचा माथा लागतो. तिथे इथल्या पाचसहा पट पाऊस कोसळतो आणि तो ओढ्या-धबधब्यांतून नीरेत उतरतो. नीरा कालव्याचा इतिहास लिहिताना आपण या वरच्या टोकाकडे फारसे पाहिलेले नाही.

तो इतिहास सहसा असा सांगितला जातो. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. त्यानंतर नीरेच्या डाव्या तीरावरील कालव्याचे काम सुरू झाले आणि वीर येथे नदीवर बंधारा बांधून १८८५ च्या सुमारास पाणी सोडण्यात आले. सासवडचे माळी शेतकरी कालव्याच्या पाण्यामागे खाली आले आणि त्यांनी उसाचा जम बसवला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस विश्वेश्वरय्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. एकाच गावाने सगळे पाणी न पिता ते अनेक गावांना मिळावे, उसाबरोबर धान्यही पिकावे, हा तिचा हेतू. पुढे १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे राहिले. हे सारे खरे आहे, पण ही गोष्ट वीरपासून खालची आहे.

वीरच्या बंधाऱ्याला उन्हाळ्यात पाणी पुरवायचे तर पावसाळ्याचे पाणी वर कुठेतरी साठवायला हवे होते. त्यासाठी भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर धरण बांधले गेले. त्या तलावाला इंजिनिअर व्हायटिंग यांचे नाव मिळाले. पुढे १९२० च्या दशकात तिथेच अधिक उंच असे लॉइड धरण पुरे झाले. भाटघरची साठवण आज सुमारे साडेतेवीस टीएमसी आहे. इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते आणि ते १९४८ पर्यंत टिकले. कालव्याचे पाणी ज्या भिमथडी आणि इंदापूर तालुक्यांना मिळाले ते इंग्रजी मुलखातले. (बारामती तेव्हा भिमथडीत होती.) म्हणजे बुडीत जमीन एका राज्यातली आणि भिजणारी जमीन दुसऱ्या राज्यातली. पुणे जिल्ह्याच्या दप्तरात भिजणाऱ्या जमिनीचा एकरी हिशेब सापडतो; बुडालेल्या जमिनीची कथा त्या दप्तराच्या हद्दीबाहेर राहिली.

नदीच्या उगमाबाबतही असाच घोटाळा दिसतो. १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये नीरेचा उगम तोरणा किल्ला ज्या डोंगररांगेवर आहे तिथे सांगितला आहे. भोर तालुक्यातील माणूस मात्र वरंधा घाटाच्या वाटेवरचे शिरगाव दाखवतो. तोरण्याच्या दक्षिण अंगाचे पाणी वेळवंडीत जाते. गॅझेटिअरकारांच्या मनात मुख्य प्रवाह म्हणून वेळवंडीच असावी, असा माझा तर्क आहे. धरणही तिच्यावरच बांधले गेले. शिरगावकडून येणारी नीरा हिरडस मावळातून वाहते. १६६० च्या जुलैत घोडखिंड लढवणारे बांदलांचे मावळे आणि बाजीप्रभू या मुलखातले.

हे वरचे खोरे नकाशावर समजत नाही, ते पायांनीच समजते. पाऊस सरल्यावर एकदा नीरा देवघर धरणाच्या फुगवट्याच्या शेपटाकडून मी एका ओढ्यात उतरलो आणि पात्रातूनच वर चालत निघालो. अंतर फार नव्हते, पण अर्धा दिवस लागला. पहिला तासभर गोटे आणि गुडघाभर पाणी. मग पात्र अरुंद होते, धोंडे माणसाएवढे होतात, दोन्ही बाजूंनी कारवी अंगावर येते. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही. काठी आधी टेकवायची, मग पाऊल. मध्येच रांजणखळगे लागतात. त्यांच्या कडेने खडकाला छाती लावून सरकावे लागते. दोनदा पात्र सोडून रानातून वळसा घ्यावा लागला.

दुपारी पहिला धबधबा आला, त्याच्या वर दुसरा, त्याच्या वर आणखी एक. जिन्यासारखी ही रचना बेसॉल्टच्या थरांची आहे. लाव्हाचे थर एकावर एक पसरले. काही घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. पाणी खालचा ठिसूळ थर आधी खाते, वरचा घट्ट थर कपारीसारखा पुढे उरतो आणि पाणी त्यावरून उडी घेते. पायथ्याशी उभे राहिल्यावर हिशेब सोपा होतो. माथ्याच्या पलीकडे पडलेला थेंब शिवथरच्या बाजूला कोकणात उतरतो आणि समुद्राला मिळतो. अलीकडे पडलेला थेंब देवघर आणि वीर ओलांडून, कालव्यात शिरला नाही तर नीरा नरसिंहपूरला भीमेत जातो.

ओढ्याच्या दोन्ही अंगांना भाताच्या आणि नाचणीच्या लहान ताली होत्या. पावसाळ्यात पाण्याने धुऊन निघणारा हा मुलूख. पण पाऊस गेला की डोंगरातल्या बाईला हंडा घेऊन उतरावे लागते, कारण थांबलेले पाणी धरणात, म्हणजे तिच्या खाली असते.

लॉइड धरणाचे काम चालू असतानाच, १९२१ मध्ये, शेजारच्या मुळशीत सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला. मुळशीच्या बुडालेल्या मावळ्यांची कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. वेळवंड खोऱ्याला मात्र तसा आवाज मिळाला नाही. कडक उन्हाळ्यात भाटघरचे पाणी ओसरले की कांबरेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. ते देऊळ ज्या गावकीचे होते तिच्याबद्दल कोणी फारसे विचारत नाही.

इंदापूरकराने तरी ते विचारले पाहिजे. कारण १९८० च्या सुमारास उजनी धरण भरले तेव्हा भीमाकाठची त्याची गावे पाण्याखाली गेली आणि पळसदेवचे प्राचीन देऊळ बुडाले. तेही पाणी आटले की वर येते. ज्या तालुक्याची दक्षिण बाजू भोरच्या बुडिताने भिजली, त्याचीच उत्तर बाजू उजनीसाठी बुडाली. देणारा आणि घेणारा या दोन्ही भूमिका या एकाच तालुक्याने केल्या आहेत. त्यामुळे नीरेच्या पाण्याचा इतिहास दोन्ही टोकांनी लिहिण्याचा अधिकार इंदापूरला आहे आणि जबाबदारीही.

त्यासाठी मोठ्या साधनांची गरज नाही. भोर संस्थानची मोडीतील कागदपत्रे कालव्याच्या दप्तराशेजारी ठेवून वाचावी लागतील. बुडालेल्या शेतांची, पाणवठ्यांची, वाटांची नावे अजून काही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. ती टिपून घ्यावी लागतील. ‘टेल’च्या शेतकऱ्याला पाणी पोचत नाही ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. त्याच वहीत वरच्या टोकाच्या गावांसाठी एक रकाना आखायचा राहिला आहे.