हंगामवार ताळेबंदाची कुळकथा

इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात प्रेस्टन नावाचे, एकेकाळी कापडगिरण्यांचे असलेले, एक शहर आहे, आणि तेथील 'प्रेस्टन नॉर्थ एंड' या फुटबॉल संघाच्या सालवार नोंदीत 1888-89 या सालासमोर जी ओळ आढळते ती वाचून कोणाही हिशेबी माणसाचे चित्त प्रसन्न व्हावे: सामने 22, विजय 18, बरोबरी 4, पराभव एकही नाही, गुण 40, क्रमांक पहिला. पुढल्या सालीही क्रमांक पहिलाच. त्यानंतर शंभराहून अधिक ओळी एकीखाली एक उतरत जातात, परंतु त्या रकान्यात पहिला क्रमांक पुन्हा कधी उमटलेला नाही. एखाद्या घराण्याचा उत्कर्ष आणि त्याची लांबलेली उतरती कळा एकाही विशेषणाचा आधार न घेता सांगणारा हा कागद आता इतका अंगवळणी पडला आहे, की तो खेळाबरोबरच जन्मास आला असावा असे वाचणाऱ्यास सहज वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. खेळ पुरातन आहे आणि कागद अर्वाचीन आहे; आणि त्याचे मूळ शौर्यात किंवा हौसेत नसून, नेमल्या दिवशी नेमल्या ठिकाणी हजर राहू अशा एका व्यापारी कबुलायतीत आहे.

सिन्नरच्या वाचकाला अशा कागदाची नव्याने ओळख करून द्यावयास नको. तलाठ्याच्या दप्तरातील गाव नमुना बारा म्हणजे याच जातीचा दस्तऐवज होय: साल, हंगाम, पीक, क्षेत्र, खरिपात बाजरी, रब्बीत हरभरा, आणि ज्या साली पेरणीच झाली नाही त्या साली नुसता 'पड' एवढाच शेरा. धन्याने किती कष्ट उपसले, बियाणे उसनवार आणले की घरचे होते, पाऊस मृगात पडला की थेट उत्तरेत, याचा त्या उताऱ्यात मागमूस नसतो. तथापि वीस सालांचा उतारा समोर ठेवावा आणि जाणत्याने त्यावरून त्या शेताची आणि त्या घराची बहुतेक हकीकत सांगावी, इतके बळ त्या कोरड्या रकान्यांत असते.

उलटपक्षी, याच तालुक्यातील जी सर्वांत जुनी स्पर्धा, म्हणजे जत्रेतली कुस्ती, तिचे असे दप्तर कोठेच नाही. रेवड्यांवर खेळणाऱ्या पोरांपासून आरंभ व्हावा, इनामाची रक्कम चढत जावी, दिवस कलता कलता शेवटची मोठी जोड लागावी, ती निकाली व्हावी अथवा पंचांनी बरोबरीत सोडवावी, फेटा बांधून मल्लास मिरवावे, आणि दुसऱ्या दिवशी तो आखाडा पुन्हा साधी माती होऊन राहावा, असा तो क्रम. कोणी कोणास कोणत्या डावावर चीत केले हे म्हाताऱ्यांच्या तोंडी तीस-तीस वर्षे राहते, परंतु गेल्या जत्रेची बाकी यंदाच्या जत्रेत ओढून आणण्याची पद्धत नाही. याचे कारण आमची नोंदींविषयीची अनास्था हे नेहमी सांगितले जाते, ते मला मान्य नाही. ज्या समाजाने गावोगावचे वसुलाचे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले त्याला लिहिण्याचा आळस होता असे म्हणता येणार नाही. खरे कारण असे की, यंदा आलेला मल्ल पुढल्या वर्षी येईलच अशी हमी कोणीच कोणास दिलेली नसते. आणि जेथे हमी नाही तेथे बाकी कोणाच्या नावे ओढावयाची?

इंग्लंडातील फुटबॉलची स्थिती 1888 पूर्वी याहून फारशी वेगळी नव्हती. तेथील फुटबॉल संघटनेचा चिटणीस चार्ल्स अलकॉक याच्या सूचनेवरून 1871-72 पासून करंडकाची स्पर्धा सुरू झाली होती खरी, पण ती बाद पद्धतीची. हरला तो घरी गेला. पहिल्याच फेरीत हरलेल्या संघाला उरलेला सारा हंगाम मैत्रीच्या सामन्यांवर काढावा लागे, आणि ते सामने तर निव्वळ मर्जीवर अवलंबून असत. प्रतिपक्षाला करंडकाचा सामना पुन्हा खेळावा लागला, किंवा दुसरीकडे अधिक गल्ल्याचे निमंत्रण मिळाले, की ठरलेला सामना रद्द. आणि शनिवारी दुपारी गिरणीतून सुटून मैदानावर आलेले कामगार तसेच माघारी. जोवर खेळाडू हौसेचे होते तोवर हे निभावले. परंतु 1885 साली पगारी खेळाडूंना रीतसर मान्यता मिळाली, आणि दर आठवड्याचा पगार निश्चित पण गल्ला मात्र अनिश्चित, असा पेच संघांच्या कारभाऱ्यांपुढे उभा राहिला.

तो सोडविला विल्यम मॅकग्रेगर नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने, ज्याचे बर्मिंगहॅममध्ये कापडाचे दुकान होते आणि जो अ‍ॅस्टन व्हिला संघाच्या कारभारात होता. 2 मार्च 1888 रोजी त्याने काही प्रमुख संघांना पत्र धाडून अशी सूचना केली की, दहा-बारा संघांनी एकत्र येऊन प्रत्येक हंगामात परस्परांशी एक सामना घरी व एक बाहेर खेळण्याची व्यवस्था करावी. त्याच महिन्यात लंडनला आणि 17 एप्रिलला मँचेस्टरला बैठक होऊन संघांचा हा मंडळ-करार, म्हणजे 'फुटबॉल लीग', सिद्ध झाला. सहा संघ लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडचे. आणि 8 सप्टेंबरला पहिले सामने झाले. दुकानदाराच्या डोक्यातून निघालेली ही योजना आहे हे तिच्याकडे पाहताच ओळखू येते. तिच्यात कीर्तीचा उल्लेख नाही, आहे तो तारखांचा. मौजेची गोष्ट अशी की, विजयास दोन गुण आणि बरोबरीस एक, हा नियम हंगाम सुरू होऊन दोनेक महिने लोटल्यावर, नोव्हेंबरात ठरला. म्हणजे प्रेस्टनचे ते दिमाखदार 40 गुण काही अंशी मागाहून केलेल्या कायद्यान्वये मोजलेले आहेत. प्रत्येकाचे सामने सारखे झाले म्हणून तुलना शक्य झाली, तुलना शक्य झाली म्हणून क्रमांक आला, आणि क्रमांक आला म्हणून मागल्या सालाची ओळ पुढल्या सालाच्या ओळीवर ठेवण्यात अर्थ उत्पन्न झाला.

त्या सालाचे जे जोडनाव, 1888-89, तेही लक्षात घेण्याजोगे आहे. तिकडे उन्हाळ्यात मैदाने क्रिकेटच्या ताब्यात, म्हणून फुटबॉलने शिशिर पत्करला आणि त्याचा हंगाम दोन इसवी सनांवर पसरला. आमच्याकडे क्रिकेटचा हंगामही असाच जोडनावाचा, परंतु तो पावसामुळे. दसऱ्याच्या सुमारास मैदाने वाळावयाची आणि उन्हाळा तापेपर्यंत खेळ चालवावयाचा.

फुटबॉल हिंदुस्थानात आले ते पलटणींबरोबर. मुंबईची रोव्हर्स करंडक स्पर्धा 1891 साली सुरू झाली व पहिला करंडक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. एतद्देशीय संघाला तो 1937 मध्ये, बंगलोर मुस्लिम्सच्या रूपाने, प्रथम मिळाला. परंतु पलटणीची बदली झाली की तिचा संघही गेला. ज्याचे ठाणेच स्थिर नाही त्याच्या नावे वही उघडून उपयोग काय? हंगामवार ताळेबंद आमच्या भागात खऱ्या अर्थाने रुजला तो क्रिकेटच्या रणजी करंडकाबरोबर, 1934-35 साली, आणि त्यात सिन्नर ज्या मुलखात मोडते त्याचा संघ म्हणजे 'महाराष्ट्र'. हे नाव ऐकून परक्याचा घोटाळा होतो. मुंबईचा संघ वेगळा, विदर्भाचा वेगळा. आणि महाराष्ट्र राज्य स्थापन झाले 1 मे 1960 रोजी, म्हणजे संघाची वही राज्याच्या दप्तराहून पंचवीस वर्षांनी जुनी.

या वहीची पहिली पाने वाचताना मात्र प्रेस्टनची शिस्त शोधू नये. रणजी करंडकही आरंभी बाद पद्धतीचाच होता, आणि एखाद्या सालची संपूर्ण कमाई एका पराभवात आटपू शकत असे. तरीही याच काळात वहीतील दोन सर्वोत्तम ओळी आहेत. 1939-40 साली प्रा. दि. ब. देवधर या संस्कृतच्या अध्यापकाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने पुण्यात अंतिम सामन्यात संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला. त्याच हंगामात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद 316 केल्या. इंग्लंडातील संघांच्या वह्या त्याच सालापाशी उघडून पाहाव्यात: तेथे तीन सामने होताच महायुद्ध पेटले, स्पर्धा बंद पडली आणि झालेले सामनेही हिशेबातून काढून टाकण्यात आले. ज्या साली प्रेस्टनचे रान पड राहिले त्या साली पुण्याचे पीक सोळा आणे आले. पुढील साली देवधरांनी मुंबईविरुद्ध 246 धावा काढल्या आणि अंतिम सामन्यात मद्रासला नमवून करंडक राखला. त्यांचे वय तेव्हा पन्नाशीच्या जवळ आले होते. नंतर तो करंडक या वहीत उतरलेला नाही. 1970-71, 1992-93 आणि 2013-14 या तीन साली अंतिम सामन्यापर्यंत मजल गेली. पैकी पहिला पराभव विशेष जिव्हारी लागणारा, कारण मुंबईचे नामांकित खेळाडू वेस्ट इंडीजला गेलेले असताना सुधीर नाईक यांच्या दुय्यम फळीने तो 48 धावांनी केला.

आणि वहीची मर्यादा पाहावयाची तर 1948-49 ची ओळ काढावी. उपान्त्य फेरीत पराभूत, एवढेच ती सांगते. त्याच हंगामात पुण्यात काठेवाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 वर होते, ब्रॅडमनच्या तत्कालीन उच्चांकापासून अवघ्या नऊ धावा दूर, आणि प्रतिपक्षाच्या कर्णधाराने पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. तर मुंबईविरुद्धच्या त्या उपान्त्य सामन्यात चार डावांत मिळून 2376 धावा झाल्या, महाराष्ट्राने दुसऱ्या डावात 604 केल्या, आणि तरीही तो 354 धावांनी हरला. रकान्याला यातले काही ठाऊक नाही.

मॅकग्रेगरची कबुलायत या वहीत शिरली ती 1957-58 साली, म्हणजे सुमारे सात दशकांनी, जेव्हा विभागवार साखळी सुरू होऊन मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात व सौराष्ट्र यांना परस्परांशी खेळणे बंधनकारक झाले. आता पराभूत झाला म्हणून कोणी घरी जात नव्हता. अनिर्णित सामन्यातही पहिल्या डावाच्या आघाडीला गुण मिळत, आणि गुणांची बेरीज होऊ लागली. इंग्रजी लीगने 1892 मध्येच दुय्यम श्रेणी काढली होती. रणजीत वरची व खालची प्रत 2002-03 मध्ये आली. 'पड' हा शेरा मात्र या वहीला फार उशिरा लागला. महायुद्धातही न थांबलेली स्पर्धा 2020-21 साली साथीमुळे झाली नाही.

जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र आणि बडोदे यांचा सामना नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर झाला. सिन्नरहून तासाभराच्या अंतरावर ही वही प्रत्यक्ष लिहिली जाताना पाहावयास मिळते, आणि ज्यास हौस असेल त्याने अशा वेळी फलंदाजाकडे न पाहता गुणलेखकाच्या वहीत डोकवावे. धाव न निघालेल्या चेंडूस एक टिंब. षटकात सहाही टिंबे पडली की ती रेघांनी जोडून इंग्रजी 'एम' काढावयाचा. त्या निर्धाव षटकात गडीही बाद झाला असेल तर तोच 'एम' उलटा करून 'डब्ल्यू'. चार दिवसांत हजारांवर अशी टिंबे-आकडे भरले जातात, त्यांचा एक निकाल होतो, आणि हंगामअखेर अशा सगळ्या निकालांची मिळून एक ओळ.

स्त्रियांची वही याहून लहान आणि तुटक आहे. तिचे पहिले पान 1973 साली पुण्यात लिहिले गेले, जेव्हा आंतरराज्य स्पर्धेला मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ आले. पुढे तीन दशके ते दप्तर स्त्रियांच्या स्वतंत्र संघटनेकडे होते आणि 2006 च्या सुमारास क्रिकेट नियामक मंडळाकडे सोपविले गेले. सिन्नरची लेगस्पिनर माया सोनवणे महाराष्ट्राच्या याच वहीतली. परंतु देशभर तिचे नाव झाले ते मे 2022 मध्ये, चेंडू टाकताना जवळजवळ जमिनीकडे झुकणाऱ्या तिच्या विलक्षण शैलीमुळे, आणि तेव्हा ती महाराष्ट्राकडून नव्हे तर 'व्हेलॉसिटी' नावाच्या संघाकडून खेळत होती. प्रेस्टनच्या लांबलचक उताऱ्याशेजारी त्या संघाचा संपूर्ण हंगामवार ताळेबंद ठेवावयाचा तर तो तीन ओळींचा आहे: 2019, उपविजेता, 2020, तिसरा, 2022, पुण्यात चार धावांनी हरून पुन्हा उपविजेता. 2021 साली हा संघ ज्या स्पर्धेत खेळे ती भरलीच नाही, आणि 2023 मध्ये तिची जागा दुसऱ्या स्पर्धेने घेतल्यावर व्हेलॉसिटीचे खाते बंद झाले.