हाली आणि कलदार

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत असल्यानें तेथें निजामाचा हाली शिक्का चाले; शेजारच्या तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील इंग्रजी कलदार रुपया हें तेथें परकें नाणें. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सर्वसाधारण हिशेब असे. कलदाराच्या जागीं तितकेच हाली घेणाऱ्याचा सातांत एक रुपया बुडे. या बट्ट्याचें मर्म धातूंत होतें. चारमिनारच्या छापाच्या हाली रुपयांत शुद्ध चांदी सुमारें ९.१४ ग्रॅम, तर १९४० पूर्वींच्या कलदारांत १०.६९, हेंही प्रमाण सहास सात असेंच पडतें. आज दोन्ही नाणीं चलनांतून गेलीं आहेत. संग्राहकाला तराजू केवळ चांदीची किंमत सांगतो. त्यावरचें मोल सन, टांकसाळ, दुर्मिळता आणि न झिजलेले ठसे ठरवितात. म्हणून जुनें नाणें घासून उजळणें म्हणजे त्याचें मोल आपल्याच हातानें घालविणें होय.