हुमणी एका शेताची नसते

भुईमुगाचं हिरवंगार झाड चार दिवसांत माना टाकतं. उपटायला जावं तर सहज हातात येतं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. माती उकरली की इंग्रजी 'सी'च्या आकाराची, पांढुरकी, तपकिरी डोक्याची अळी सापडते. सातारा-सांगलीकडे तिला हुमणी म्हणतात. मी पुण्यात कोड लिहितो, पण घरची शेती वाळवा तालुक्यात आहे. त्यामुळे या किड्याचा इतिहास मला घरचाच वाटतो.

भुईमूग आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आला. हुमणी मात्र इथलीच. तरी पाहुण्याची मुळं तिला फार आवडली. कृष्णाकाठी हे पीक इतकं रुजलं की 1950च्या दशकात 'कराड 4-11' नावाचं पसरं वाण कराडच्या नावानं प्रसारित झालं. पसरी वाणं उशिरा तयार होतात. म्हणजे हुमणी सर्वांत खादाड असते त्या ऑगस्ट-सप्टेंबरात हे पीक रानातच असतं.

हुमणीचं वर्षाचं वेळापत्रक ठरलेलं आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस पडला की दिवस मावळताना जमिनीतून भुंगेरे निघतात. ते बाभूळ, बोर, कडुनिंबावर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांचं मीलन होतं. मग माद्या जमिनीत अंडी घालतात. पुढचे काही महिने अळी मुळं खाते, नंतर कोष, आणि नवा भुंगेरा पुढच्या वळवापर्यंत मातीतच थांबतो. वर्षाला एक पिढी. म्हणजे हा किडा उघड्यावर सापडतो तो फक्त पावसानंतरच्या थोड्या संध्याकाळी. तेव्हा फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. अडचण एकच: भुंगेऱ्याला पंख असतात. तुमच्या बाभळीवर तो जेवतो आणि अंडी माझ्या रानात घालतो. एकट्यानं वेचून भागत नाही, गावानं वेचावं लागतं.

मग पावडर आली. 1952 साली कोलकात्याजवळ बीएचसीचा कारखाना सुरू झाला आणि हळूहळू ही पावडर खेडोपाडी पोहोचली. पेरणीआधी मातीत मिसळायची, बस्स. शेजाऱ्याला हाक मारायची गरज नाही. मला वाटतं, बीएचसीनं शेतकऱ्याला विकलेली सर्वांत मोठी सोय हीच होती: गावाचं काम एकट्याचं झालं. त्याची किंमत मातीनं भरली. हे रसायन लवकर विघटत नाही, चरबीत साठतं, अन्नातून माणसात उतरतं. आणि भुईमुगाची शेंग तर त्याच मातीत वाढते. 1997 साली भारतात बीएचसीवर बंदी आली.

पावडर गेली तोवर आजूबाजूचं रानही बदललं होतं. भुईमुगाच्या जागी ऊस आला. खोडवा ठेवला की जमीन नांगरली जात नाही. एरवी नांगरट झाली की अळ्या-कोष उघडे पडतात, बगळे-कावळे त्यांचा फडशा पाडतात. ते थांबलं आणि हुमणीला बारमाही घर मिळालं. उसाच्या शेजारी कुणी चार गुंठे भुईमूग लावला तर त्यालाही तीच अळी गाठते.

आज कृषी विभाग प्रकाश सापळे लावायला सांगतो, मेटारायझियम ही बुरशी शेणखतातून द्यायला सांगतो आणि पुन्हा तेच जुनं काम सांगतो: पहिल्या पावसानंतर सगळ्यांनी मिळून भुंगेरे गोळा करा. बुरशी दुकानात मिळते. 'सगळे' मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. अर्धे सातबारे आता माझ्यासारख्या पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांच्या नावावर आहेत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्या वळवाचे व्हिडिओ मात्र मिनिटात येतात. ते पाहून नुसता अंगठा न टाकता त्या संध्याकाळी बादली घेऊन कोण कुठल्या बाभळीखाली जाणार, एवढं तरी ठरवता येईल.