चित्रातले काळे कोटवाले

एदगार देगाच्या बॅले-चित्रांत कडेला काळ्या कोटातले पुरुष दिसतात. मला ते व्यवस्थापक वाटायचे. नाही हो, ते वर्गणीदार! १८३१ मध्ये पॅरिस ऑपेराची सूत्रं लुई वेरोंकडे गेली आणि त्याने रंगमंचामागची नर्तकींची खोली श्रीमंत वर्गणीदारांना खुली केली. मुली गरीब घरच्या, पगार तुटपुंजा. 'आश्रयदाता' असला तर वशिला.

१८८१ मध्ये देगाने चौदा वर्षांच्या नर्तकीचा पुतळा मांडला. मॉडेल होती धोबिणीची मुलगी मारी. समीक्षकांना तिच्याच चेहऱ्यात दुर्गुण दिसले. पुढच्या वर्षी ऑपेराने तिला काढून टाकलं. वर्गणीदारांच्या खुर्च्या मात्र कायम!

म्हणून 'तिची संमती होती' असं कुणी म्हटलं, की मी आधी विचारतो, दार कोणी उघडलं होतं?