तळटीप : ओपन ॲक्सेस
* लेखकाने ‘ओपन ॲक्सेस’ वाचकाला ठाऊक आहे असे धरले आहे, म्हणून थोडे. २००३च्या वीज कायद्याने १९४८चा कायदा मोडीत काढला. त्यातूनच २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण, महावितरण वेगळ्या झाल्या. खरी मेख मात्र कलम ४२मध्ये आहे. मोठ्या ग्राहकाने वीज हव्या त्या उत्पादकाकडून घ्यावी, ती आणायला तारा वितरण कंपनीच्याच वापराव्यात आणि त्यांचे शुल्क भरावे. पण शेतीपंपांची स्वस्त वीज कारखान्यांच्या चढ्या दरावर चालते. तो ग्राहक निसटला की भरपाईसाठी क्रॉस सबसिडी अधिभार लागतो. कॅप्टिव्ह वापराला हा अधिभार माफ. २००५च्या नियमांनुसार प्रकल्पात किमान २६ टक्के मालकी आणि किमान ५१ टक्के विजेचा स्वतः वापर, एवढे पुरते. कित्येक सौर प्रकल्पांत कारखानदार ‘भागीदार’ दिसतात ते बहुधा सूर्यप्रेमापोटी नव्हे, या सवलतीपोटी. २०२२च्या नियमांनी हरित विजेसाठी १ मेगावॉटची मर्यादा १०० किलोवॉटवर आणली, तेव्हा मध्यम उद्योगांनाही ही वाट खुली झाली. — संपादक