आगीचा बंब आणि वर्गमूळ

१९७३ साली 'मॅनेजमेंट सायन्स' या नियतकालिकात पीटर कोलेसार आणि एडवर्ड ब्लम यांचा एक लेख छापून आला. प्रश्न साधा होता: आगीच्या बंबाला आगीपर्यंत पोचायला सरासरी किती अंतर कापावं लागतं? उत्तर एका ओळीत मावणारं. त्या भागाचं क्षेत्रफळ घ्या, मोकळ्या असलेल्या बंबांच्या संख्येनं भागा, वर्गमूळ काढा आणि एका स्थिरांकानं गुणा. बस्स.

आमच्या धंद्यातल्या माणसाला असलं काही दिसलं की जीव हरखतो. अख्खं शहर, त्यातली हजारो वळणं, सिग्नल, बोळ, आणि सगळं एका वर्गमूळात!

रस्त्यांचा सगळा संबंध त्या स्थिरांकाशी. बंबाला पंख असते आणि तो थेट उडत गेला असता, तर (केंद्रं कशीही विखुरलेली आहेत असं धरून) हा स्थिरांक ०.५ येतो. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांवरून गेला तर साधारण ०.६३. म्हणजे मॅनहॅटनसारख्या चौकटी चौकटींच्या शहरात सरासरी वाट पाव पटीनं वाढते. पुण्याच्या पेठांत हा आकडा किती येईल, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा :-)

आता हे गणित करायची वेळ का आली ते पाहू. साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये आगी आणि खोट्या वर्द्या दोन्ही भरमसाट वाढल्या होत्या. महापौर जॉन लिंडसे यांना शहराचा कारभार आधुनिक करायचा होता. अणुयुद्धाची गणितं करून नाव कमावलेल्या रँड कॉर्पोरेशनला त्यांनी बोलावलं आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्क सिटी-रँड इन्स्टिट्यूट उभी राहिली. माणसं हुशार होती, यात शंका नाही. एखाद्या भागातले सगळे बंब आगीवर गेले तर दुसरीकडचे तात्पुरते कुठे हलवायचे, याचा अल्गोरिदम त्यांनी लिहिला आणि तो खरोखर उपयोगी होता. बंबांना स्टॉपवॉच देऊन पोचायचे वेळ मोजले. त्यातून निघालं की छोट्या अंतराला बंबाचा बहुतेक वेळ वेग घेण्यात आणि ब्रेक मारण्यात जातो, म्हणून तिथं वेळसुद्धा अंतराच्या वर्गमूळानं वाढतो. लांबच्या पल्ल्याला मात्र सरळ प्रमाणात.

मग शहराची तिजोरी आटली आणि प्रश्न उलटा झाला. बंब कुठे वाढवायचे हे राहिलं बाजूला, कुठली कंपनी बंद केली तर फारसं बिघडणार नाही, ते सांगा!

वर्गमूळ इथं फार गोड बोलतं. समजा एका भागात दहा बंब आहेत आणि सरासरी अंतर अर्धा मैल, म्हणजे सुमारे ८०५ मीटर. एक बंब काढला. अंतर किती वाढलं? जेमतेम साडेपाच टक्के. ८०५ चे ८४८ झाले. त्रेचाळीस मीटरसाठी कोण कशाला ओरडेल? पण ही सरासरी आहे. बंद झालेल्या केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याचं अंतर काही त्रेचाळीस मीटरनं वाढत नाही. सगळा भार त्याच्यावर आणि इतरांना काही कळतही नाही. शिवाय सूत्रातली संख्या 'मोकळ्या' बंबांची आहे. एकावेळी चार आगी चालू असलेल्या वस्तीत मोकळे असतातच किती?

गंमत (खरं तर गंमत नाही) अशी, की केंद्रं जवळजवळ होती ती साउथ ब्राँक्ससारख्या गरीब, दाट आणि सतत पेटणाऱ्या भागांत. सूत्राला ती 'जादा' वाटणारच. १९७२ पासून कंपन्या बंद होऊ लागल्या आणि सर्वात जास्त झळ अशाच भागांना बसली. जो फ्लड यांनी २०१० च्या 'द फायर्स' या पुस्तकात या मॉडेलांची चिरफाड केली आहे. त्यांचा एक मोठा आक्षेप असा, की वाहतुकीची कोंडी हिशेबात जवळपास धरलीच नव्हती. स्टॉपवॉचच्या नोंदींवरही त्यांचा विश्वास नाही.

मला स्वतःला तो स्थिरांक जास्त खटकतो. ब्राँक्स म्हणजे मॅनहॅटन नव्हे. तिथं टेकड्यांच्या रांगा आहेत. पश्चिम ब्राँक्समध्ये तर नकाशावर रस्ता म्हणून दाखवलेल्या काही जागा चक्क पायऱ्या आहेत ('जोकर' सिनेमातला तो नाच आठवा). बंब पायऱ्या कसा चढणार? त्यात रॉबर्ट मोझेस यांनी मधोमध क्रॉस ब्राँक्स एक्सप्रेसवे घातला. १९४८ मध्ये काम सुरू झालं आणि ते १९६३ पर्यंत चाललं. ईस्ट ट्रीमाँटच्या एका मैलात त्यासाठी दीड हजारावर घरं पाडली. असा रस्ता गाव जोडतो आणि गल्ल्या तोडतो. समोरची इमारत शंभर मीटरवर दिसत असते, पण जायचं तर पुलापर्यंत वळसा. ग्राफच्या भाषेत, काही कडा गेल्या आणि त्या नेमक्या महत्त्वाच्या होत्या. सगळ्या भागाला एकच स्थिरांक लावला की हा वळसा सरासरीत विरघळून जातो.

सगळं खापर रँडवर फोडणं मात्र बरोबर नाही. बँकांनी कर्ज द्यायचं थांबवलं होतं, घरमालकांनी इमारती वाऱ्यावर सोडल्या होत्या, काहींनी विम्यासाठी पेटवल्याही. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्समधल्या सात जनगणना विभागांतल्या ९७ टक्क्यांहून जास्त इमारती आगीत किंवा ओस पडून गेल्या, असं फ्लड सांगतात. हे एका सूत्राचं काम नव्हे. पण ज्या वेळी बंब हवे होते, त्याच वेळी ते काढून घेतले आणि कागदावर ते शास्त्रशुद्ध दिसलं.

१९७५ मध्ये ब्रुकलिनच्या नॉर्थसाइड वस्तीतली इंजिन २१२ ही कंपनी बंद करायचं ठरलं. रहिवासी केंद्रात घुसले आणि ठाण मांडून बसले. लाकडी घरं, शेजारी कारखाने, बंब लांबून येईपर्यंत काय होतं ते त्यांना वर्गमूळाशिवाय कळत होतं. कित्येक महिने त्यांनी ताबा सोडला नाही. 'पीपल्स फायरहाउस' हे नाव तेव्हाच पडलं. शेवटी शहराला माघार घ्यावी लागली आणि कंपनी परत सुरू झाली. २००३ साली मात्र, पुन्हा पैसे वाचवायच्या फेरीत, ती कायमची बंद केली.